माझ्या विमानाचे जामीनदार

माझ्या पाकिटात एक छोटेसे कार्ड आहे. ते बँकेचे नाही, गाडीच्या परवान्याचेही नाही. त्यावर माझे नाव, एक क्रमांक आणि एका संस्थेचे नाव छापले आहे. हे कार्ड नसेल, तर आमच्या मैदानावर मला माझे विमान उडवता येत नाही.

'विमान' हा शब्द ऐकून घाबरू नका. माझे विमान एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत फक्त सव्वा मीटर आहे. त्यात माणूस बसत नाही. मी जमिनीवर उभा राहून रिमोटने ते चालवतो. एवढ्याशा विमानासाठी कार्ड कशाला, असे तुम्ही विचाराल. मीही एकदा हाच प्रश्न विचारला होता, आणि जरा रागानेच विचारला होता. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगतो.

मी मालेगावचा. तुमच्यासारखाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांची खडखड चाले. अब्बा मागावर काम करत. संक्रांत जवळ आली, की गच्च्या मुलांनी भरून जात. जवळच येवला आहे. तेथल्या पतंगांचे नाव सगळीकडे झालेले. त्यांची हवा आमच्या गावालाही लागे. पतंग उडवताना माझी नजर सतत वर असे. खाली कोण आहे, हे मी कधी पाहिले नाही.

एकदा माझा पतंग कापला गेला. तुटलेला मांजा गल्लीत लोंबकळला आणि सायकलवरून जाणाऱ्या एका दूधवाल्याच्या गालाला घासला. रक्त आले. अब्बांनी मला खाली बोलावले. त्यांनी मला मारले नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि दूधवाल्याची जखम मलाच धुवायला लावली. पतंग गेल्याचे दुःख मी लवकरच विसरलो. तांब्यातले ते लाल झालेले पाणी मात्र अजून आठवते.

त्याच वर्षी शेजारच्या चाचांनी एक जुना माग विकत घ्यायचे ठरवले. त्यासाठी पतसंस्थेकडे कर्ज मागितले. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे होते. अब्बांनी लगेच सही केली. अम्मी काळजीत पडली.

"त्यांनी हप्ते भरले नाहीत तर?" तिने विचारले.

"तर मी भरीन," अब्बा म्हणाले. "कोणीतरी 'मी भरीन' म्हणते, म्हणूनच तर त्यांना माग मिळतो आहे."

पुढे चाचा आजारी पडले आणि तीन हप्ते अब्बांना खरोखरच भरावे लागले. त्या ईदला आमच्या घरी नवे कपडे आले नाहीत. बरे झाल्यावर चाचांनी पै न पै परत केली. 'जामीन' हा शब्द अरबीतून आपल्या उर्दूत आला आणि मराठीतही रुळला. त्याचा अर्थ मला कोणत्या शब्दकोशात शोधावा लागला नाही. तो मला त्या ईदला कळला.

पुढे मी इंजिनियर झालो आणि नोकरीसाठी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन या शहरात येऊन राहिलो. डेटन म्हणजे राइट बंधूंचे गाव. विल्बर आणि ऑर्व्हिल हे दोघे भाऊ येथे सायकलींचे दुकान चालवत. १८७८ साली, ते लहान असताना, त्यांच्या वडिलांनी त्यांना एक खेळणे आणून दिले. ते बूच, बांबू आणि कागद यांचे होते. रबराला पीळ दिला, की ते भिरभिरत वर जाई. त्या खेळण्याने दोघांच्या मनात उडण्याचे वेड रुजले. पंचवीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉक या गावाजवळच्या वाळूवर त्यांनी इंजिनाचे विमान उडवले. ते पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते.

अशा गावात राहून मला विमानाचे वेड लागले नसते, तरच नवल! २०२२ च्या उन्हाळ्यात मी एक छोटे विमान विकत घेतले. फोमचे हलके अंग, विजेवर चालणारी मोटर, पुढे फिरणारे पाते आणि वजन साधारण एक किलो. एका रविवारी सकाळी ते घेऊन मी घराजवळच्या बागेत गेलो. बाग रिकामी दिसत होती. मी मोटर चालू केली, विमान हाताने हवेत सोडले आणि ते खरोखरच उडाले! मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी पुन्हा गच्चीवरचा मुलगा झालो होतो. माझी नजर पुन्हा फक्त वर होती.

मग मी विमान माझ्याकडे वळवले, आणि तेथेच घात झाला. विमान आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा त्याची उजवी बाजू आणि आपली उजवी बाजू एकच असते. पण ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले, की सगळे उलटे होते. समोर उभ्या असलेल्या मित्राचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला दिसतो ना, तसेच. मी घाबरून दांडी उजवीकडे ढकलली. विमान भलतीकडेच वळले, झाडांच्या शेंड्यांवरून पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले. पाठोपाठ काच तडकल्याचा आवाज आला.

मी धावत गेलो. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी होती. तिच्या समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या होत्या. मोटारीपासून दोन पावलांवर चार-पाच वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून उभी होती. विमानाचे मोडलेले पाते तिच्या पायाशी पडले होते. तिला काहीच लागले नव्हते. ती रडतही नव्हती. ती फक्त माझ्याकडे पाहत होती.

तिचे वडील ओरडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "काच काय, बदलता येईल. पण हे माझ्या मुलीला लागले असते, तर तुम्ही काय करणार होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. काचेचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. प्रश्नाचे उत्तर मात्र देऊ शकलो नाही.

त्या रात्री मी सगळे नियम शोधून वाचले. खरे म्हणजे ते मी आधीच वाचायला हवे होते. अमेरिकेत २५० ग्रॅमपेक्षा जड असलेले असे विमान बाहेर उडवायचे असेल, तर सरकारच्या विमान वाहतूक खात्याकडे नोंदणी करावी लागते. छंद म्हणून उडवणाऱ्याला त्याआधी सुरक्षिततेची एक सोपी, मोफत परीक्षाही द्यावी लागते. मी दोन्हींपैकी काहीच केले नव्हते. 'मला माहीत नव्हते,' असे मी मनाशी म्हणत राहिलो. पण त्या मुलीच्या डोळ्यांपुढे ते उत्तर टिकत नव्हते. मोडके विमान मी कपाटावर टाकून दिले.

दोन महिने गेले. एक दिवस कचेरीतल्या एका सहकाऱ्याने माझी हकीकत ऐकली. तो म्हणाला, "तुमची चूक विमान उडवण्यात झाली नाही. एकट्याने उडवण्यात झाली." त्याने मला गावाबाहेरच्या एका क्लबचा पत्ता दिला.

पुढच्या शनिवारी मी तेथे गेलो. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेते होती. मधोमध कापलेल्या गवताची एक लांब पट्टी होती. वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर डोलत होती. उडवणारे एका रेषेत उभे होते आणि पाहणारे कुंपणाच्या मागे बसले होते. फाटकाजवळ एक वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. ते निवृत्त मेकॅनिक होते आणि नव्या लोकांना विमान उडवायला शिकवत. माझ्या हातातले दुरुस्त केलेले विमान पाहून ते हसले. मग त्यांनी हात पुढे केला.

"राष्ट्रीय संस्थेचे कार्ड?"

"ते नाही माझ्याकडे."

"मग आज बसा, पाहा, चहा-कॉफी घ्या. उडवता मात्र येणार नाही."

मला राग आला. मी म्हणालो, "मैदान रिकामे आहे. विमान माझे आहे. दर वर्षी वर्गणी भरायची ती कशासाठी? एका कार्डासाठी?"

ते उठले आणि मला कुंपणापाशी घेऊन गेले. दूर एका घराचे लाल छप्पर दिसत होते. त्याच्या बाजूला ट्रॅक्टर उभा होता आणि गाई चरत होत्या.

"ही जमीन आमची नाही," ते म्हणाले. "ती त्या घरातल्या शेतकऱ्याची आहे. आम्ही ती मागायला गेलो, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. 'तुमचे विमान माझ्या गाईवर पडले, छपरावर पडले, नाहीतर कोणा पाहुण्याच्या डोक्यावर पडले आणि लोकांनी मलाच कोर्टात खेचले, तर?' त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे कार्ड. ते होते, म्हणून त्याने जमीन दिली. ते नसेल, तर हे मैदानही नाही."

मी गप्प झालो. हा तर बागेतल्या त्या वडिलांचाच प्रश्न होता!

मग त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. या संस्थेचे नाव 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स'. तिची स्थापना १९३६ साली झाली. तिचे मुख्य कार्यालय शेजारच्या इंडियाना राज्यात, मन्सी या गावी आहे. तेथे छोट्या विमानांचे एक संग्रहालय आहे आणि उडवण्यासाठी मोठी मैदाने आहेत. देशभरातले अनेक क्लब या संस्थेला जोडलेले आहेत. सभासद दर वर्षी वर्गणी भरतात आणि सुरक्षिततेचे नियम पाळण्याचे कबूल करतात. त्या बदल्यात संस्था त्यांचा विमा उतरवते. सभासदाच्या विमानाने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याची मालमत्ता मोडली, तर २५ लाख डॉलरपर्यंतची भरपाई या विम्यातून मिळू शकते. सभासदाच्या घराचा स्वतःचा विमा असेल, तर आधी तो वापरला जातो आणि मग संस्थेचा. क्लबला जमीन देणाऱ्या मालकालाही या विम्याचे संरक्षण मिळू शकते.

"आणि माझे विमान पडून मोडले तर?" मी विचारले.

"तर तुम्ही घरी जाऊन ते चिकटवायचे!" ते हसून म्हणाले. "हा विमा तुमच्या विमानासाठी नाही. तुमच्या विमानाखाली जो उभा आहे, त्याच्यासाठी आहे."

मग त्यांनी राइट बंधूंची एक गोष्ट सांगितली. डेटनजवळ हफमन प्रेअरी नावाचे एक कुरण आहे. १९०४ आणि १९०५ मध्ये राइट बंधू तेथे आपले विमान वळवायला शिकले. कुरणाच्या मालकाने त्यांच्याकडून भाडे घेतले नाही. त्याने एवढेच सांगितले, की उडण्याआधी कुरणातल्या गाई आणि घोडे सुरक्षित जागी हलवत जा. जगात पहिले विमान उडवणाऱ्यांनाही दुसऱ्याच्या जमिनीवर उडताना खाली पाहावे लागले होते. मग माझी काय कथा?

घरी येऊन मी अर्ज भरला. सरकारी नोंदणी केली, परीक्षा दिली आणि नोंदणीचा क्रमांक विमानाच्या अंगावर बाहेरून चिकटवला. काही दिवसांनी सभासदत्वाचे कार्ड आले. क्लबची वेगळी वर्गणीही भरली. त्या रात्री मी मालेगावला फोन केला आणि अब्बांना सगळे सांगितले. अब्बा आता थकले आहेत. कान जरा कमी ऐकतात, पण समज तीच आहे.

"म्हणजे हजारो अनोळखी माणसे तुझे जामीन राहिली म्हण ना!" ते म्हणाले.

"हो, अब्बा."

"मग तूही त्यांचा जामीन झालास, बेटा. हे विसरू नकोस."

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी भरलेल्या वर्गणीतून दूरच्या कोणा अनोळखी माणसाच्या चुकीची भरपाई होणार होती. आणि मी निष्काळजीपणा केला, तर त्याचा भार त्या सगळ्यांवर पडणार होता. शेतकऱ्याचा विश्वास माझ्या एका चुकीने तुटला, तर सगळ्या क्लबचे मैदान जाणार होते.

त्यानंतर माझे खरे शिक्षण सुरू झाले. येथे दोन रिमोट एकमेकांना जोडतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकवणाऱ्याच्या हातात. शिकवणारा एक बटण दाबून धरतो, तोपर्यंत विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात असते. काही चुकले, की तो बटण सोडतो आणि विमान पुन्हा स्वतःकडे घेतो. पतंग शिकताना मोठा भाऊ मागे उभा राहून मांजा धरतो, तसाच हा प्रकार. त्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्या दिवशी किती वेळा बटण सोडले, ते मी मोजलेच नाही!

डाव्या-उजव्याच्या गोंधळावर त्यांनी एक युक्ती सांगितली. विमान तोंडासमोर येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी ढकलायची. जणू झुकलेल्या पंखाखाली आधार द्यायचा. दांडी तिकडे गेली, की पंख सरळ होतो. ही युक्ती त्या रविवारी मला माहीत असती, तर!

कुंपणावर लाकडाची एक जुनी फळी टांगलेली होती. तिच्यावर क्रमांक लिहिले होते आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. पूर्वीच्या रिमोटमध्ये दोघांची वारंवारिता एकच झाली, तर विमान कोसळे. म्हणून ज्याच्या हाती त्या क्रमांकाचा चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा, असा नियम होता. आताचे रिमोट ही काळजी स्वतःच घेतात. पण फळी कोणी काढलेली नाही. रिमोट चालू करण्याआधी दुसऱ्याचा विचार करायचा, हे ती अजून सांगते.

इतर नियमही मी पाठ केले. विमान नेहमी डोळ्यांना दिसले पाहिजे. माणसांच्या डोक्यावरून न्यायचे नाही. ज्यात माणसे बसली आहेत असे विमान किंवा हेलिकॉप्टर जवळ आले, तर आपण बाजूला व्हायचे. मार्च २०२४ पासून आणखी एक नियम काटेकोरपणे लागू झाला. नोंदणी करावी लागणाऱ्या विमानाने आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सतत कळवली पाहिजे. माझ्या विमानात तसे यंत्र नाही. पण सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक मैदानांवर त्याशिवायही उडवता येते. अशी मान्यता कोणा एकट्या माणसाला मागता येत नाही. ती आमच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेने किंवा शिक्षणसंस्थेने मागावी लागते. आमच्या मैदानाला ती मिळाली. मी एकटा राहिलो असतो, तर माझे विमान कपाटावरच राहिले असते.

आता शेवटची गोष्ट. एके दिवशी त्या गृहस्थांनी जोडणी काढून घेतली आणि विमान पूर्णपणे माझ्या हाती दिले. मी चार फेऱ्या मारल्या. हात थरथरत होते, पण विमान स्थिर होते. मी ते उतरवायला खाली आणले. एवढ्यात कोणीतरी ओरडले. एक लहान मुलगा चेंडूमागे धावत कुंपणाच्या फटीतून पट्टीवर आला होता.

विमान त्याच्यापासून बरेच दूर होते. वर उचलून पुन्हा फेरी मारता आली असती. पण बॅटरी संपत आली होती, मोटर दमली होती आणि मला माझ्या हातांची खात्री नव्हती. मी दांडी बाजूला ढकलली. विमान पट्टी सोडून सोयाबीनच्या शेतात घुसले. फोम तुटल्याचा 'कट्' असा आवाज आला. मुलगा चेंडू उचलून आईकडे पळाला. त्याला काही कळलेही नाही.

मी शेतातून विमान उचलून आणले. एक पंख मुळापासून तुटला होता. ते वृद्ध गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी आपली पेटी उघडली, गोंदाची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. बागेतल्या त्या वडिलांना देता न आलेले उत्तर त्या दिवशी मला सापडले, असे वाटले.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण एनसीसीच्या हवाई शाखेत जातील. तेथे छोटी विमाने बनवायला आणि उडवायला शिकवतात. काही जण पुढे ड्रोन उडवतील. त्याचेही नियम आपल्या देशात २०२१ साली झाले आहेत. ते आधी वाचा, नंतर नव्हे. आणि पतंग तर तुम्ही सगळेच उडवता. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, कारण त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जात होते. दुकानदार तो लपवून देत असेल, तरी तुम्ही घेऊ नका. गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्याचा विमा कोणी उतरवलेला नसतो. त्याचे जामीन तुम्हीच.

माझ्या कार्डाच्या कडा आता झिजल्या आहेत. दर शनिवारी फाटकाशी मी ते दाखवतो. मग विमान पट्टीवर ठेवतो. मोटर चालू करण्याआधी एकदा वर आकाशाकडे पाहतो, आणि एकदा खाली, आजूबाजूला, माणसांकडे.